कडेची नजर

सरांशी बोलायचं तर त्यांच्या समोर जाऊन उभं राहावं लागायचं. बाजूने कुणी काही विचारलं तर ते उत्तर द्यायचे नाहीत. ऐकू कमी येत होतं असं नाही, कान चांगले तिखट होते. आवाज आला की ते आधी जागच्या जागी थांबायचे, मग मान आणि मानेपाठोपाठ सगळं अंग त्या दिशेला फिरवायचे, आणि समोरचा माणूस नीट सापडला की म्हणायचे, "हां, आता बोल. बाजूनं बोलतो तो चुगलखोर."

रत्नागिरी शहराबाहेर, कातळाच्या उघड्या सड्यावर, आमचं एक छोटं खासगी प्रशिक्षण केंद्र आहे. जहाजावर नोकरी करू पाहणारी मुलं इथे शिकतात. गुहागर, दापोली, राजापूर, कुठून कुठून येतात. बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईला नाहीतर बोटीवर असतं. मी तिथे सिम्युलेटरची खोली सांभाळते. जहाज जिथून चालवतात त्या जागेची ती नक्कल: खरं सुकाणू, खरं रडार, आणि समोर मोठ्या पडद्यावर संगणकाने काढलेला खोटा समुद्र. सर त्या खोलीत 'वॉच' शिकवायचे. म्हणजे जहाज चालू असताना पहाऱ्यावर उभं राहून भोवतालच्या पाण्यावर नजर कशी ठेवायची, ते. स्वतः कित्येक वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी होते. मुलं त्यांना कप्तान म्हणायची आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "मी कप्तान नव्हतो. कप्तान व्हायच्या आधी उतरलो." का उतरलात, असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

त्यांचं सगळं शिकवणं एका प्रश्नात मावायचं. "मान कशाला दिली आहे?" मुलगा रडारकडे टक लावून बसला की मागून हा प्रश्न यायचा. सुकाणू धरून समोरच बघत राहिला तरी हाच. स्वतः सर रस्त्याने चालतानासुद्धा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान फिरवत चालायचे, टेबलफॅनसारखी, सावकाश. मुलं त्यांची नक्कल करायची. एवढी मान फिरवणारा माणूस शेजारून नमस्कार करून गेलेल्याकडे मात्र ढुंकून बघायचा नाही. कार्यालयातल्या बाई पहिल्याच आठवड्यात रागावल्या. "मी कारकून आहे म्हणून दिसत नाही का यांना?" म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की सर सगळ्यांशीच असे वागतात. समुद्रावर राहिलेली माणसं थोडी विक्षिप्त होतात, अशी आमची सगळ्यांची समजूत होती आणि त्या समजुतीत बरंच काही खपून जायचं.

एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी सत्यनारायणाचं जेवण होतं. पंगतीत सर मधे बसले होते. यजमानांचा मेहुणा आमटी वाढत बाजूने आला आणि नेमका त्याच वेळी सरांनी पाण्याच्या भांड्याला हात घातला. पळी उडाली, आमटी सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. "वाढणाऱ्यानं समोरून यावं!" सर इतक्या जोरात ओरडले की पंगत थबकली. मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. सर उठले, विहिरीवर जाऊन सदरा धुतला, तो तसाच ओला अंगात घालून परत आले आणि पंगतीच्या अगदी टोकाला, भिंतीला पाठ लावून बसले. मग त्या मेहुण्याला हाक मारून म्हणाले, "आमटी फक्कड झाली आहे. आता समोरून वाढ." त्यानंतर कुठल्याही पंगतीत ते टोकालाच बसले.

नजरेचा त्यांना अभिमान होता. डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ते साठी उलटल्यावरही बिनचष्म्याने वाचायचे. मारुती मंदिरापाशी उभे असलो की लांबून येणाऱ्या एसटीची पाटी आम्हाला दिसायच्या आधी ते वाचून दाखवायचे. "देवरुख. तुमची नाही, बसा." आणि ती देवरुखचीच असायची.

तर त्या वर्षी केंद्राने ठरवलं की मुलांना डोक्यावर चढवायचे हेडसेट घ्यायचे. मोठ्या पडद्यासमोर एका वेळी एकच मुलगा उभा राहू शकतो. हेडसेट असले तर अख्खा वर्ग आपापल्या जहाजावर. डोळ्यांवर लावलं की चहूबाजूंनी समुद्र. वळलात की समुद्रही तुमच्याबरोबर वळतो. दोन जाती समोर आल्या. एक नेहमीची: हलकी, चित्र अगदी लख्ख, पण बघताना पाणबुड्याच्या काचेतून बघितल्यासारखं, कडेला काळोख. दुसरी नवी: रुंद नजरेची, दोन्ही बाजूंना जवळजवळ कानांपर्यंत चित्र. विकणाऱ्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नेक्स्ट जनरेशन'. सरांनी पत्रक वाचून टेबलावर टाकलं.

"पुढची पिढी? कुणाची पोर ही?"

हेडसेटला ते टोपरं म्हणायचे. आम्ही सगळे हसायचो, पण वाद मात्र खरा होता आणि कित्येक दिवस चहाच्या वेळी तोच चालायचा. सरांचं म्हणणं साधं होतं. आदल्याला जे जमत नव्हतं ते ज्याला जमतं, तीच पुढची पिढी. नुसतं रुंद केलं तर ती आदलीच पिढी, अंगाने सुटलेली. त्यांचे काही मुद्दे बिनतोड होते. रुंद हेडसेट जड होता, तासाभराने मान भरून यायची. कडेचं चित्र पुसट आणि थोडं ताणलेलं दिसायचं. त्याला संगणकही तगडा लागायचा. त्यापेक्षा लख्ख आणि हलकं काय वाईट, असं ते विचारायचे.

मी रुंदच्या बाजूची होते. मी म्हणायचे, "सर, कडेला काहीतरी हललं की माणूस मान वळवतो. कडेचं दिसलंच नाही, तर कुठे वळायचं हे कळणार कसं?"

"मला कडेनं कुणी सांगावं लागत नाही गो. मी आपण होऊन वळतो. सारखा वळतो. तू ज्याला नजर म्हणतेस ती आळशी माणसाची सोय आहे."

 आणि ते खरंच सारखे वळायचे.

प्राचार्यांनी दोन्ही हेडसेट थोडे दिवस तपासायला मागवले आणि अभिप्राय द्यायचं काम सरांकडे दिलं. सर दुपारभर सिम्युलेटरच्या खोलीत बसायचे. हे टोपरं घाल, ते काढ. शेवटी एक दिवस त्यांनी मला समोर बोलावून सांगितलं, "फरक नाही."

"कशात?"

"रुंदीत. दोन्ही सारखीच. लबाडी आहे ही."

मी रुंदवाला डोक्यावर चढवून बघितला. डाव्या कानापाशी लाटा, उजव्या कानापाशी लाटा. "सर, खूप फरक आहे."

"तुला दिसतं, कारण तुला दिसायला हवं आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना माझी कीव आली असावी.

त्यांनी तसा अभिप्राय लिहून दिला. कंपनीचा दावा खोटा आहे, असं स्पष्ट. खोटं बोलणाऱ्यातले ते नव्हते, म्हणून प्राचार्यही गोंधळले. त्यांनी मुंबईहून त्या कंपनीचा अभियंता बोलावून घेतला आणि बैठक लावली.

अभियंता तिशीचा, सभ्य मुलगा होता. सरांनी त्याच्या तोंडावर लबाडीचा आरोप केला तरी तो भडकला नाही. म्हणाला, "आपण करूनच बघू." त्याने संगणकावर एक साधी गोष्ट लावली. मोकळा समुद्र, आणि उजव्या कडेने एक लाल बोया, म्हणजे पाण्यावरची खुणेची टाकी, तरंगत सावकाश समोर येणार. मान सरळ ठेवायची आणि बोया दिसला की हात वर करायचा. हेडसेटमध्ये जे दिसतं ते आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावरही दिसत होतं. प्राचार्यांनी लगेच हात वर केला. कार्यालयातल्या बाईंनीही. मीही. मग सर बसले.

पडद्यावर बोया आला. तो कडेवरून आत सरकला, लाटेवर खाली गेला, वर आला, आणखी आत आला. सरांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"सुरू कर की," सर म्हणाले.

 अभियंत्याने आधी माझ्याकडे आणि मग प्राचार्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सर, सुरू आहे."

सरांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर नजर रोखली. उजवा हात उचलून कानापाशी नेला आणि बोटं हलवत तो हात पुढे आणायला लागले. आम्ही सगळे बघत होतो. हात कानशिलावरून पुढे आला, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आला, तिथूनही पुढे आला. जवळजवळ चेहऱ्यासमोर आल्यावर ते म्हणाले, "आत्ता." मग तसाच डावा हात. तोही तिथवर आल्यावर, "आत्ता."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बैठक चालू ठेवा," म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणी बराच वेळ चालली. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच जुना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा आजार कडेची नजर खात येतो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. म्हणून तक्त्यावरची ओळ वाचता येते. गेलेल्या जागी काळंही दिसत नाही, काहीच दिसत नाही, आणि माणसाला वाटत राहतं की आपल्याला सगळं दिसतंय. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधाच्या थेंबांनी सांभाळायची होती.

"गाडी चालवता?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"हा आजार घराण्यात असू शकतो. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं. भाऊ, बहीण कुणी?"

"कुणी नाही," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या बाकावर बसले. मी औषधं घेऊन आले तरी उठले नाहीत. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, "एक भाऊ आहे. धाकटा. दाभोळला." आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटांच्या गर्दीत, त्यांनी मला ते सगळं सांगितलं.

आई अंथरुणाला खिळली म्हणून सर जहाजावरून उतरले आणि दाभोळला घरी राहायला लागले. आई गेली तरी तिथेच राहिले. भाऊ वडिलांची मासेमारीची बोट चालवायचा. चांगला तांडेल म्हणून त्याचं नाव होतं. एकदा समुद्रावरून परतताना, खाडीच्या तोंडाशी, उजव्या बाजूने एक छोटी होडी आडवी येत होती. भावाची बोट तिच्यावरून गेली. होडीतला माणूस बुडून मेला. तो त्यांच्याच वाडीतला, शेजारचा. स्वच्छ ऊन होतं, पाणी सपाट होतं. भाऊ एकच सांगत राहिला, "मला दिसलाच नाय." कुणाचा विश्वास बसेना. जेटीवर सगळे जमले आणि सगळ्यांनी सरांकडे बघितलं. मोठ्या जहाजावरचा अधिकारी, याला कळतं. त्या सगळ्यांसमोर सर म्हणाले, "हा बघत नव्हता. माझ्या जहाजावर असता तर मी याला पहिल्या बंदरात उतरवला असता."

"मी एवढं म्हटल्यावर मग कुणी त्याच्या बाजूनं राहिलं नाही गो," सर म्हणाले. पोलिसांचं प्रकरण पुढे मिटलं. भावाने बोट विकली. सर रत्नागिरीला निघून आले. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

पुढच्या बैठकीत सर उभे राहिले. "टोपरं रुंद आहे. अरुंद मी आहे. माझा अभिप्राय रद्द समजा," म्हणाले. प्राचार्यांनी वातावरण हलकं करायला विचारलं, "मग म्हणायचं का याला नेक्स्ट जनरेशन?" सरांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. थोडा विचार करून म्हणाले, "म्हणा. आदल्याला जे जमलं नाही ते याला जमलं. यानं मला पकडलं." वॉचच्या वर्गावर आपल्याला ठेवू नये, असं त्यांनीच सांगितलं.

मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, तुझ्या गाडीतून दाभोळला नेशील का, आणि ते टोपरं बरोबर घेता येईल का. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा भावाला सरळ डॉक्टरकडे नेऊ."

"मी सांगून तो येणार नाही. त्याला वाटेल, दादा आता आणखी एक आरोप घेऊन आला. त्याचं त्याला कळू दे. मला कळलं तसं."

प्राचार्यांची परवानगी घेऊन मी रुंद हेडसेट आणि त्याला पेलेल असा तगडा लॅपटॉप गाडीत ठेवला आणि आम्ही सकाळीच निघालो. आरे-वारेच्या रस्त्याला लागल्यावर सरांनी सगळा चेहरा खिडकीकडे वळवला आणि किनारा संपेपर्यंत तसेच बसून राहिले. पुढे दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवल्यावर ते उतरून कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी शेजारी गेले आणि मग आठवण होऊन कठड्यावरून पुढे वाकले, त्यांना दिसेन अशी. त्यांनी खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "तिथं झालं ते," एवढंच म्हणाले.

भाऊ पडवीत बसून दुसऱ्या कुणाचं तरी जाळं दुरुस्त करत होता. सरांसारखाच उंच, पण वाकलेला. त्याची बायको दारात आली आणि "भावजी?" म्हणून तशीच उभी राहिली. भावाने मान वर केली नाही. सर चालत त्याच्या समोर गेले.

"मी आलोय."

"बघतोय," भाऊ म्हणाला. जाळ्यातला हात थांबला नव्हता. "बसा."

सर बसले नाहीत. "तुला एक दाखवायचंय. मी काही बोलणार नाही. तू फक्त बघ."

"तुझं ते बघणं मला नको दादा. एकदा बघितलंस ना माझ्याकडं, पुरे झालं."

  भावाची बायको दारातून म्हणाली, "एवढ्या लांबून आलेत. बघा ना काय ते."

मी हेडसेट भावाच्या डोक्यावर नीट बसवला आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवला. मी बसवून आणलेल्या चित्रात समोर खाडीचं तोंड होतं, दोन्ही बाजूंना डोंगर, सपाट पाणी.  भाऊ म्हणाला, "ही आपली खाडी नाय." मी म्हटलं, "नाही, कुठलीच नाही. खोटी आहे." त्याचे हात आपोआप पुढे आले आणि नसलेलं सुकाणू धरून थांबले. मी सांगितलं की आता दुसरी होडी येईल, दिसली की सांगा.

उजव्या कडेने होडी आली. ती आम्हाला लॅपटॉपवर स्वच्छ दिसत होती. छोटी होडी, त्यात वल्हं मारणारा एक माणूस. ती सरळ बोटीच्या वाटेवर येत होती. भावाची बायको एकदम म्हणाली, "अहो, उज..." सरांनी हात वर करून तिला थांबवलं. भाऊ शांत बसला होता. होडी आणखी जवळ आली. त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. ती जवळजवळ नाळेखाली, बोटीच्या पुढच्या टोकाखाली, आल्यावर तो ओरडला, "ए!" आणि हातांतलं नसलेलं सुकाणू त्याने जिवाच्या आकांताने फिरवलं.

मी चित्र थांबवलं. त्याने स्वतःच हेडसेट काढला. 

"ही आली कुठून?" त्याने विचारलं.

  त्याची बायको म्हणाली, "ती पहिल्यापासून होती."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग सर खाली, जाळ्याच्या पलीकडे, त्याच्या समोर बसले. त्यांनी आपला हात कानापाशी नेला आणि बोटं हलवत पुढे आणला. "हे बघ. मला इथवर काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, जुनं आहे. भावंडांत असतं म्हणतात."

"म्हणजे तेव्हा..."

"तेव्हा तुला किती दिसत होतं हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तू म्हणालास, दिसला नाही. मी म्हटलं, बघत नव्हतास. ते मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो."

भावाने जाळं बाजूला सारलं. बोलला तेव्हा तो सरांशी बोलत होता की स्वतःशी, ते कळलं नाही. "मलापण तसंच वाटायला लागलेलं दादा. सगळे म्हणतात, तू म्हणतोस, म्हणजे माझंच लक्ष नसणार. मी रोज आठवून बघतो, लक्ष कुठं होतं माझं? सापडतच नाय. मी समोरच बघत होतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "समोरच बघत होतो रे."

त्याची बायको आत गेली. 

दुपार कलल्यावर बोटी यायला लागल्या. सर उठले आणि भावाला म्हणाले, "चल जेटीवर." भाऊ नको म्हणत होता. सरांनी त्याचा दंड धरला. जेटीवर मासळी उतरत होती, लिलाव चालला होता. कुणीतरी सरांना ओळखलं. चार माणसं जमली, मग आणखी. सरांनी एकेकाकडे तोंड वळवून सगळ्यांना बघून घेतलं.

"मी इथंच उभा राहून म्हटलं होतं की हा बघत नव्हता," ते म्हणाले. "मी चुकलो. याच्या डोळ्यांना आजार असणार, मला आहे तोच. याला कडेचं दिसत नाही, आज बघितलं आम्ही. बघत नसणं वेगळं आणि दिसत नसणं वेगळं. मला जहाजावर राहून एवढं कळायला हवं होतं."

 मागे मासळीच्या टोपलीपाशी एक बाई उभी होती. बाजूला झालेल्या माणसांवरून माझ्या लक्षात आलं की ही त्या मेलेल्या माणसाची बायको. ती पुढे आली आणि सरांशी न बोलता भावाशी बोलली.

"दिसत नव्हतं तर चालवत कशाला होतास बोट?"

"दिसत नाय हेच कळत नव्हतं वैनी," भाऊ म्हणाला.

ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली, जणू तिथे काही दिसणार होतं. "माझा माणूस तर काय परत येत नाय," ती म्हणाली. मागे जाऊन टोपली उचलली, दोन पावलं गेली, मग वळून म्हणाली, "औषध घे पण. घालवू नको उरलेलं." आणि निघून गेली.

भावाला आम्ही रत्नागिरीला आणलं. त्याचे डोळे सरांपेक्षा वाईट अवस्थेत निघाले. डॉक्टरांनीही सरांनी सांगितलेलंच सांगितलं: तेव्हाचं आता काही म्हणता येणार नाही, पण आजार बऱ्याच वर्षांचा आहे. भावाला तेवढं पुरलं. सरांना ते पुरलं असं मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षअखेर सर नोकरी सोडून दाभोळला राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून एक गोष्ट करून घेतली. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात रुंद हेडसेट लावून बोया दाखवायचा. ज्याला तो वेळेवर दिसणार नाही, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचं. दाभोळच्या तांडेलांनाही ते डोळे तपासून घ्यायला दामटतात. काही जण जातात, काही जण हसतात. मला त्यांचा अधूनमधून फोन येतो. "काय गो, नवीन काय आलं?" मी सांगते की आता आणखी रुंद आणि वजनाला कमी असे हेडसेट आलेत. ते सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "पण याला आदल्यापेक्षा वेगळं जमतं काय?" मग आमचा पुन्हा वाद होतो.

मध्यंतरी मी दाभोळला गेले होते. घरी कुणी नव्हतं. भावाची बायको म्हणाली, दोघं जेटीकडे गेलेत, जा, तिकडेच भेटतील. मी वळणावर गेले तेव्हा ते पुढे चालताना दिसले, पाठमोरे. दोन उंच म्हातारे, बरोबरीने, हातभर अंतर ठेवून. दोघांपैकी कुणालाच शेजारी चालणारा दिसत नाही, म्हणून ते सतत बोलत असतात. काहीही बोलतात, भरतीचं, बांगड्याच्या भावाचं, कुणाच्या लग्नाचं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याच वेळी त्यांचं बोलणं थांबलं आणि मी थांबले. दोघं तसेच थोडे पुढे गेले. मग धाकट्याने, समोरच बघत, विचारलं, "दादा, आहेस ना?"

"आहे," सर म्हणाले. "आहे रे."